न्हाणीच्या स्टुलाचे चार पाय

माझ्या मोठ्या बहिणीला आंघोळीला गेल्यावर आतून कडी लावायची होती. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात एवढी एकच मागणी होती आणि ती पुरी करायला मला अडीच महिने लागले.

तिला आम्ही बाई म्हणतो. बाई गडचिरोलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाल्यावरही तिकडेच एकटी राहिली. मग एका सकाळी अंगणात पडली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि ती चंद्रपूरला माझ्याकडे आली. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला. लग्न करायचं राहून गेलेलं. घरात दोन म्हातारी माणसं, एक वॉकर, आणि वॉकरला अडवणारी पुस्तकं.

डॉक्टर म्हणाले, बसून आंघोळ करायला हरकत नाही. पाटावर नको, वाकणं नको, आणि बसायचं आसन हललं नाही पाहिजे. हे शेवटचं त्यांनी सहज सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

प्लॅस्टिकचं स्टूल तिसऱ्याच दिवशी साबणाच्या पाण्यावर फाकलं. बाईनं नळ धरला म्हणून वाचली. तेव्हापासून आया आत आणि दार अर्धं उघडं, असा नियम झाला. आया मूल तालुक्यातल्या खेड्यातली, कामाला चोख, बोलायला मोकळी. बाईनं जन्मभर लोकांना आंघोळी घातल्या होत्या: बाळंतिणींना, तान्ह्यांना, अर्धांगाच्या म्हाताऱ्यांना. कोणी लाजलं की ती म्हणायची, "माह्यापुढं काय लाजता, मी रोजच पाह्यतो." आयानं पहिल्याच आठवड्यात तिला अगदी हेच ऐकवलं. बाईनं त्यानंतर न्हाणीत तोंड उघडलं नाही.

मी मेडिकल स्टोअरमधून ॲल्युमिनियमची खुर्ची आणली. तिच्या पायांना बटणं होती. बटण दाबून पाय एका भोकानं लांब करता येत होता. आमच्या न्हाणीचा उतार मात्र भोकांच्या हिशेबात बसेना. घर बांधणाऱ्या मिस्त्रीला पाणी साचण्याची धास्ती असावी. त्यानं मोरीच्या कोपऱ्याकडे इतका सढळ उतार दिला आहे की साबण ठेवला तर तो आपला आपण निघून जातो. बाई खुर्चीवर एकदा बसली, दोन्हीकडे डुलली आणि उठली.

"हे तं बैलबंडीवानी डुगडुगून राह्यलं," ती म्हणाली. "वापस कर."

लाकडाचं स्टूल करावं ही कल्पना माझी. आमच्या भागातलं सागवान लांबच्या मोठ्या इमारतींच्या दारांसाठी निघतं तेव्हा ट्रकला हार घालतात, नारळ फुटतो, भाषणं होतात. ती भाषणं आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून ऐकतो. मीही एकदा तासभर ऐकली आहेत; कमरेला उसण भरली होती. म्हटलं, त्यातलं वीतभर लाकूड आपल्याही न्हाणीत यायला काय हरकत आहे.

बाईनं दोन अटी घातल्या. खिळा नको, स्क्रू नको. पाण्यात लोखंड गंजतं, फुगतं, एक दिवस डोकं वर काढतं, आणि तिच्या वयाच्या कातडीला तेवढंच पुरतं. तसल्या जखमा तिनं बांधल्या होत्या. त्या महिनोन् महिने भरत नाहीत. आणि वरची बाजू सपाट हवी, पायाचं टोक वर आलेलंही नको. म्हणजे पाय पाटाच्या आतच कुठेतरी संपला पाहिजे, तिथेच घट्ट बसला पाहिजे, आणि बाहेरून काही दिसता कामा नये. गोंदावर तिचा विश्वास नव्हता. रोज गरम पाणी पडल्यावर गोंद किती दिवस टिकेल, असं ती विचारत होती.

आयुष्यात मी कधी करवत धरली नव्हती. म्हणून नेहमीप्रमाणे वाचायला घेतलं. आतून बसणाऱ्या सांध्यांबद्दल जगात इतकं लिहिलेलं आहे की माणूस वाचता वाचता उभाच राहील, बसायला स्टूल मिळणार नाही. मग व्हिडिओ पाहिले. त्यातल्या दाढीवाल्या परदेशी गृहस्थांच्या शर्टावर भुशाचा एक कण नव्हता. एकजण म्हणाला, सांधा म्हणजे ध्यान आहे. मी तो व्हिडिओ बंद करून मूल रोडवरच्या वाढईभाऊंकडे गेलो. सुताराला आमच्याकडे वाढई म्हणतात. हे सत्तरीला आलेले, चष्म्याला दोरी बांधलेली, आणि शेडमध्ये खुर्च्यांचे सांगाडे छतापर्यंत रचलेले. पावसाळ्यात जंगलातली सफारी बंद असते. तेव्हा मोहर्लीचे रिसॉर्टवाले सगळं फर्निचर नवं करून घेतात. त्यांची तयारी मे महिन्यातच सुरू होते.

"मी नाई करून देऊ शकत," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "दिवाळीपर्यंत मान वर कराले फुरसत नाई."

"तुम्ही करू नका. मला सांगा. नवशिक्या माणसानं आतला सांधा कोणता घ्यावा?"

"नवशिका कोन?"

"मी."

त्यांनी माझे हात पाहिले. "आजवर पुस्तकंच उचलली ना यायनं?"

"तीही शिपाई उचलायचा."

ते हसले आणि बसायला एक खोकं पुढे सरकवलं. नवशिक्यासाठी सगळ्यात सोपं म्हणजे रिसॉर्टवाल्यांचा सांधा, ते म्हणाले. स्क्रू मारायचा, खोल दाबायचा, वरून त्याच लाकडाचं बूच बसवायचं. "मॅनेजर पाव्हण्यायले सांगते, बिनखिळ्याची खुर्ची आहे, आदिवासीयची जुनी कला. मी बाजूले उभा राहतो. मले कोनी इचारत नाई, म्हनून खोटं बोलावं लागत नाई."

पण त्यात लोखंड होतं, म्हणजे बाईच्या अटीत बसत नव्हतं. मी वाचलेला एक सांधा त्यांना सांगितला. पायाच्या डोक्याला चीर द्यायची, त्या चिरेत छोटी पाचर अर्धवट खोवायची आणि पाय बंद भोकात ठोकायचा. पाचर भोकाच्या तळाला टेकते, चिरेत शिरते, पायाचं डोकं आतल्या आत फाकतं आणि पाय पुन्हा निघत नाही. मला तो फार आवडला होता. वाचताना मी दोनदा चष्मा पुसला होता.

"मस्त आहे," वाढईभाऊ म्हणाले. "मी बारा-पंधरा वर्सं काम केल्यावर केला. पाचर जराशी लांब झाली का पाय अर्ध्यातच अडकते. ना आत जात, ना बाहेर निंगत."

अशी माणसं मी कॉलेजात पाहिली होती. तो सांधा मी सोडून दिला. चौकोनी खाच पटाशीनं कोरणं हाही मार्ग होता, पण चार खाचा सारख्या कोरायला मला दोन वर्षं लागतील, असा त्यांचा अंदाज होता. बाईची तब्येत पाहता ते मला परवडणारं नव्हतं.

"गोल करा," ते म्हणाले. "गिरमिटानं गोल भोक पाडा, आरपार नाई. पायाचं टोक सुरीनं गोल करा. पाय कडकडीत वाळला पाहिजे. मंग पाटात ठोका. पाटाचा ओलावा पाय पिते, फुगते, भोकात घट्ट होते. गोंद नाई, पाचर नाई."

"एवढंच?"

"करून पहा, मंग एवढंच म्हना."

त्यांनी सागाची दोन इंच जाड फळी दिली, कुठल्याशा मोडलेल्या दाराच्या उंबऱ्याची. गिरमिट उसनं दिलं, म्हणजे हातानं फिरवून भोक पाडायचं ते. भोक किती खोल गेलं हे कळावं म्हणून त्याच्या दांडीला लाल दोरा बांधून दिला. "दोरा लाकडाले टेकला का थांबा," एवढी सूचना. त्यांच्याचकडच्या सागाच्या चार दांड्या पायांसाठी घेतल्या.

पुढे जे केलं ते मे महिन्यात चंद्रपूरचा कोणीही माणूस करेल. आमच्या गच्चीवर तेव्हा शेजारणींच्या कुरड्या होत्या, सरगुंडे होते, मिरच्या होत्या, कोणाच्यातरी गादीचा कापूस होता. त्या उन्हात काही न वाळवता नुसतं बसून राहणं आमच्याकडे जवळजवळ पाप समजतात. मी पाय गच्चीवर नेले. शेजारी जागा मोकळी दिसली म्हणून फळीही नेली. आठ दिवस रोज सकाळी पालटत राहिलो. शेजारणीनं तर फळीवर चिमण्या बसू नयेत म्हणून तिच्या पापडांची जाळी माझ्या लाकडावरही ओढली.

मग भोकं पाडली, पाय ठोकले, घरात आणलं. दिसायला स्टूल देखणं झालं होतं. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी दोन-तीनदा दिवा लावून त्याच्याकडे पाहून आलो. दुसऱ्या दिवशी न्हाणीत ठेवून वीस तांबे पाणी ओतलं आणि स्वतः बसलो. हललं नाही. तीन दिवस असंच केलं. चौथ्या दिवशी उचललं तर एक पाय खालीच उभा राहिला. दुसऱ्या पायाच्या भोकापासून कडेपर्यंत चीर गेली होती आणि पाटाला बाक आला होता.

बाईनं खाली राहिलेला पाय मागून घेतला, त्याचं गोल टोक अंगठ्यानं चाचपलं.

"खुबा निखळला याचा," ती म्हणाली. "माह्या खुब्यात निदान स्टील आहे."

मी मोडकं स्टूल स्कूटरवर बांधून वाढईभाऊंकडे नेलं. त्यांनी फळीला डोळा लावून बाक पाहिला, मग नखानं टोकरलं.

"कुठी ठेवली होती?"

"गच्चीवर. वाळायला."

"फळी पन?"

"वाळलं पाहिजे म्हणालात ना तुम्ही."

"पाय म्हनलं मी. पाटाले कोनं सांगतलं?" त्यांनी डोक्याला हात लावला. "दोघायले सारखं वाळवलं तं कोन कोनाले धरन? वाळला पाय, अन् ओलसर पाट. पाय फुगन, पाट आवळन. तुमी तं पापड घातले."

मला राग आला, पण तो कोणावर हे ठरेना. उन्हात स्कूटर ढकलत घरी आलो, कारण पेट्रोलही संपलं होतं. स्टुलाचं नाव काढलं नाही. बाईनंही काढलं नाही. ती फक्त दिवसाआड आंघोळ करू लागली, मग दोन दिवसांआड. बाकीचे दिवस पलंगावर बसून ओल्या फडक्यानं अंग पुसायची. विचारलं तर म्हणायची, घाम कुठी येते मले. बाहेर शेहेचाळीस डिग्री होते. मी कूलरमध्ये पाणी भरत राहिलो.  

जूनच्या अखेरीस आयानं सांगितलं, "आठ-दहा दिवसानं मी रोवण्याले चालली."

भाताची रोपं लावायची वेळ झाली की मूल, सिंदेवाही, तिकडे गडचिरोलीपर्यंत बायका शहरातली कामं सोडून गावी जातात. याला कोणी रजा म्हणत नाही आणि कोणी अडवतही नाही. दुसरी आया शोधायला मी चार ठिकाणी फिरलो. चारही ठिकाणच्या रोवण्याला गेल्या होत्या किंवा जाणार होत्या.

"पंचवीस दिवसाचं तं काम आहे," आया म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुमी हाव ना भाऊ घरी. तुमी घालून द्यान आंघोळ. भाऊच तं हाव."

त्या दिवसाचं काम उरकून ती घरी गेली. खोलीत बाई आणि मी. मी दहा वर्षांचा होईपर्यंत बाईनंच मला आंघोळ घातली होती, डोळ्यांत साबण गेला म्हणून रडलो तर पाठीत धपाटाही घातला होता. त्यामुळे हे जास्तच अवघड होतं. मी खिडकीकडे पाहत होतो. ती वॉकरच्या रबरी बुडांकडे पाहत होती.

"मी पंचवीस दिवस बिनआंघोळीची राहीन," ती म्हणाली. "समजलं?"

"समजलं."

"मंग त्या वाढयाकडं जाऊन ये."

या वेळी पायांसाठी वाढईभाऊंनी धावड्याचं लाकूड सांगितलं. साग पाण्याला चांगला, पण पायाला चिवट लाकूड बरं. धावडा आमच्याकडे कुऱ्हाडीच्या दांड्यांसाठी वापरतात. आठवडी बाजारात दांडे विकणाऱ्याकडून मी चार जाड दांडे निवडले.

"कुऱ्हाडी किती हाव तुमच्याकडं?" त्यानं विचारलं.

"एकही नाही."

चार दांडे आणि कुऱ्हाड एकही नाही, असल्या माणसाची खबर वनखात्याला द्यावी की दवाखान्याला, हे त्याला ठरवता आलं नसावं. दोरीनं बांधून मुकाट्यानं दिले.

आता ऊन नव्हतं, आभाळ भरलेलं होतं. पायांची टोकं वाळवायची कुठे? वाढईभाऊंच्या शेडपासून दोन घरं सोडून मुरमुऱ्यांची भट्टी होती. भट्टीवालीचं काम दुपारी संपायचं, कढईतली वाळू मात्र संध्याकाळपर्यंत गरम राहायची. तिला विचारून मी चारही पायांची टोकं त्या वाळूत पुरून ठेवली. चार दिवस रोज तासभर शेजारी बसून राहायचो, टोकं काळी पडू नयेत म्हणून फिरवत.

"काय भाजून राह्यले गुरुजी?" मुरमुरे घ्यायला आलेल्या एकानं विचारलं.

"स्टूल," भट्टीवालीनं माझ्या वतीनं सांगितलं.

पाटासाठी वाढईभाऊंनी नवी फळी दिली. ती मी ओल्या बारदानात दोन दिवस गुंडाळून ठेवली, अगदी भिजवली नाही. तिसऱ्या दिवशी सगळं घेऊन शेडमध्ये गेलो. भोकं मीच पाडली. वाढईभाऊ समोर एक पट्टी तिरपी धरून उभे होते. पाय जितका बाहेर झुकायचा तितकं गिरमिट झुकवायचं. तीन भोकं बरी गेली. चौथ्याला हात दमला, दोरा लाकडाला टेकला तेव्हा गिरमिट पट्टीला सोडून बोटभर कलतं झालं होतं.

"आता?"

"आता ठोका. फळी वाळाले लागली."

पहिला पाय लाकडी मोगरीनं ठोकला. आधी मऊ आवाज येत होता, मग एका ठोक्याला तो बदलला, टणक झाला, हातात झिणझिण्या आल्या. "तळाले लागला," वाढईभाऊ म्हणाले. "आता अजून मारान तं पाट फुटन." दुसरा, तिसरा तसेच. चौथा कलताच गेला. मी तो हलवून पाहिला, मग दोन्ही पायांत स्टूल धरून ओढून पाहिला.

"येत नाही बाहेर."

"येऊच नाई म्हनून तं भट्टीत बसले होते चार दिवस." त्यांनी स्टूल उलटं करून पाहिलं. "राहू द्या. तुमचे माह्ये पाय तरी कुठी सरळ हाव."

उन्हाळ्यात काय करायचं तेही त्यांनी सांगितलं. आंघोळ असो नसो, रोज त्यावर तांब्याभर पाणी ओतायचं, नाहीतर चंद्रपूरचं ऊन न्हाणीतही शिरतं आणि पाय ढिले होतात. स्टूल शेडच्या सावलीत दोन दिवस ठेवून मी घरी आणलं.

शेवटचं काम न्हाणीतच झालं. स्टूल जागेवर ठेवलं, वर पाण्यानं काठोकाठ भरलेलं ताट ठेवलं, आणि ताटातलं पाणी सगळीकडून सारखं दिसेपर्यंत पायांखाली पुठ्ठे सरकवत गेलो. मग एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून चारही पायांभोवती फरशीपासून सारख्या उंचीवर रेघ काढली आणि तिथे कापलं. आता ते स्टूल जगात फक्त आमच्या न्हाणीत, आणि तेही एकाच दिशेनं उभं राहतं. दिशा कळावी म्हणून पाटाला मोरीकडच्या बाजूला खालून एक खाच केली, अंधारातही बोटाला लागेल अशी.

आया दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जाणार होती. बाईनं आधी तिला बसवलं. ती अंगानं दणकट. स्टूल हललं नाही. मग मला बसवलं, मांडीवर पाण्यानं भरलेली बादली देऊन. मग स्वतः वॉकर धरून, न वाकता, कान तिकडे नेला आणि मला म्हणाली, डाव्या बाजूनं झुक, आता उजव्या. काही कुरकुरतं का ते ती ऐकत होती. पेशंटच्या छातीला नळी लावल्यावर तिचा चेहरा असाच होत असावा.

"हा एक पाय वाकडा आहे," ती म्हणाली.

"आहे. पण निघत नाही."

"तो भिंतीकडंच राहू दे."

सकाळी आया गेली. बाईनं टॉवेल, गाऊन खुंटीला लावले, बादली स्वतःच्या हाताच्या अंतरावर ठेवून घेतली, वॉकर आत ओढला आणि दार लावलं. कडी जुनी, खूप दिवस न वापरलेली. ती बसायला वेळ लागला. आतून दोनदा धडपड ऐकू आली, मी दारावर हात ठेवला, आणि मग कडी सरकली.

मी बाहेर उभा राहिलो. पाणी पडल्याचा आवाज आला. बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

"बाई?"

"काय आहे?"

"काही नाही. ठीक आहे ना?"

"तू काऊन उभा आहे तिथी?"

"असाच."

"जा ना कुठी. चौकात जा, चहा पी. मले येळ लागन."

मी चप्पल घातली आणि गेलो. एप्रिलपासून या वेळेला मी कधी घराबाहेर नव्हतो, त्यामुळे कुठे जावं ते सुचेना. चौकात चहा घेतला. कोणीतरी विसरलेला पेपर चाळला. त्यात पुलाच्या उद्घाटनाचा फोटो होता, पुलापेक्षा माणसं जास्त. दुसरा चहा घेतला. दुकानदारानं विचारलं, आज निवांत दिसता. मी हो म्हणालो. पाऊण तासानं घरी आलो तर दार अजून लागलेलंच होतं आणि आत ती तांब्यानं पाणी घेत होती, सावकाश, एकामागून एक, संपवायची घाई नसल्यासारखं. मी स्वयंपाकघरात जाऊन भात टाकला.